प्लीहा फाटली, पण किती?

संपादक महोदय,

अपघातांच्या आकडेवारीवर 'गंभीर जखमींचे प्रमाण घटले' किंवा 'वाढले' असे मथळे नेहमी येतात. गंभीर कोणी ठरवले आणि कशावरून, हे मात्र बातमीत कुठेच नसते. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात दुखापतींचे कोडिंग करणे, म्हणजे केसपेपर वाचून प्रत्येक जखमेला ठरावीक कोड आणि श्रेणी देणे, हे माझे काम, म्हणून हे पत्र.

यासाठी जगभर वापरली जाणारी एआयएस श्रेणी १९७१ मध्ये आली, तीही मोटार अपघातांच्या अभ्यासातून. प्रत्येक जखमेला १ ते ६ यांतला एक आकडा मिळतो. १ म्हणजे किरकोळ, ६ म्हणजे जवळपास उपचारांपलीकडची. १९७४ मध्ये तिच्यावरून आयएसएस हा एकूण गुण काढण्याची रीत निघाली. शरीराचे सहा भाग धरायचे, त्यांतल्या सर्वाधिक दुखावलेल्या तीन भागांतली प्रत्येकी सर्वांत वाईट जखम घ्यायची, तिच्या श्रेणीचा वर्ग करायचा (म्हणजे तो आकडा त्यानेच गुणायचा) आणि बेरीज मांडायची. कमाल गुण ७५; श्रेणी ६ ची एक जखम असली तरी बेरीज न करता थेट ७५ धरतात. बेरीज १५ च्या वर गेली की रुग्ण 'मेजर ट्रॉमा'त, म्हणजे गंभीर जखमींत, मोडतो. खरी मेख या वर्गात आहे, कारण श्रेणीतला एका आकड्याचा फरक बेरजेत फुगून येतो.

समजा, केसपेपरवर 'स्प्लीन लॅसरेशन' (प्लीहेला भेग) एवढेच लिहिले आहे. खोली नाही, ग्रेड (इजा किती मोठी याचा सर्जनने दिलेला दर्जा) नाही. अशा वेळी नियमाने २ हीच श्रेणी द्यावी लागते, म्हणजे गुण ४. भेग ३ सेंटिमीटरहून खोल होती हे सर्जनने ऑपरेशनमध्ये पाहिलेले असते. ते लिहिले असते तर श्रेणी ३ आणि गुण ९. आतल्या रक्तवाहिन्या तुटून प्लीहेच्या पाव भागाहून अधिकचा रक्तपुरवठा बंद पडला असेल, तर श्रेणी ४ आणि गुण १६. एक ओळ लिहायची राहिली की तोच रुग्ण मेजर ट्रॉमाच्या यादीतून बाहेर! दुर्दैवाने तो दगावला, तर हिशेबात दिसते ते असे की साध्या जखमेचा रुग्णही या हॉस्पिटलला वाचवता आला नाही. रुग्ण जगण्याची अपेक्षित शक्यता काढताना याच गुणाचा आधार घेतला जातो. नोंदी लिहिणे म्हणजे कारकुनी, असे मानणाऱ्या डॉक्टरांनी निदान एवढे तरी ध्यानात घ्यावे.

रेडिओलॉजीच्या रिपोर्टची कथा वेगळी. 'फ्रॅक्चरची शक्यता', 'संशयास्पद' असे शब्द असलेली जखम कोडरला धरताच येत नाही. नियम योग्यच आहे. पण घाईच्या पहिल्या सीटीत संशय असतो, नंतरच्या रिपोर्टमध्ये तो पक्का होतो आणि डिस्चार्ज कार्डवर उतरतो तो पहिलाच. बरगड्या 'अनेक' मोडल्या म्हणजे किती, एका बाजूच्या की दोन्ही, हेही गुलदस्त्यात.

यावर सॉफ्टवेअरचा उतारा हमखास सुचवला जातो: आयसीडी कोडवरून (आजार व दुखापतींच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या कोडवरून) श्रेणी आपोआप काढा, माणसे कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये एस३६.० हा कोड प्लीहेला इजा झाली एवढेच सांगतो, मग ती किंचित चिरलेली असो वा चिंधड्या झालेली. कोडमध्ये जे नाही ते यंत्र कुठून आणणार?

खुद्द मोजपट्टीतही खोट आहे. दोन्ही मांड्यांची हाडे मोडली (प्रत्येकाची श्रेणी ३) तरी शरीराचा भाग एकच, म्हणून आयएसएस ९ वरच थांबतो. १९९७ मध्ये सुचवलेला एनआयएसएस, म्हणजे नवा आयएसएस, भाग न पाहता सर्वांत वाईट तीन जखमा धरतो आणि त्याच रुग्णाला १८ देतो. दोन्ही गुण नोंदवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

उलटी लबाडीही होते, हे मान्य. जिथे पैसे गंभीरतेप्रमाणे मिळतात, तिथे श्रेणी वर ढकलण्याचा मोह होतोच. त्यालाही आळा बसतो तो सर्जनने लिहिलेल्या नेमक्या मापानेच. श्रेणीमागचा पुरावा कोणालाही तपासता येतो.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंडाच्या ग्रेडसाठी रकाना हवा. मोडलेल्या बरगड्यांची संख्या व बाजू आणि डोक्यातल्या रक्ताच्या गाठीची जाडी लिहिणे सक्तीचे हवे. रकाना रिकामा दिसला तर सर्जनला विचारायची मुभा कोडरला हवी आणि त्या विचारण्याला उत्तरही मिळायला हवे. काही केसपेपर दोन कोडरांनी एकमेकांचे न पाहता तपासावेत, म्हणजे आमच्याही चुका उघड होतील.

आपल्या वार्ताहरांकडूनही एक अपेक्षा आहे. आकडे हाती आले की एआयएसची कोणती आवृत्ती वापरली, हे विचारावे. २००५ ची आवृत्ती आणि तिची २००८ ची सुधारणा यांत कित्येक जखमांची श्रेणी खाली आली. आवृत्ती बदलली तर जखमा तशाच असूनही 'गंभीर' कमी झालेले दिसतात. मर्यादा कोणती धरली, हेही विचारावे. युरोपीय संघ रस्ते अपघातांत श्रेणी ३ किंवा वरची एक जखम असली तरी रुग्णाला गंभीर जखमी मानतो, तर इतर अनेक अहवाल आयएसएस १५ च्या वर असेल तरच मानतात. या दोन याद्यांतले आकडे शेजारी शेजारी छापून तुलना करता येत नाही.

आपली विश्वासू,
एक वैद्यकीय कोडर