आगीची यंत्रणा जनरेटरच्या भरवशावर नको

अंटार्क्टिकावर १९८९ पासून चालू असलेल्या ‘मैत्री’ या भारतीय संशोधन स्थानकाच्या जागी नवे स्थानक उभारण्याची तयारी गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करत आहे. तिथे कडाक्याची थंडी, कोरडी हवा आणि बाहेरून मदत जवळपास अशक्य. म्हणून आग विझवणाऱ्या यंत्रणेचा विचार आराखड्यातच व्हायला हवा.

१२ एप्रिल १९८२ रोजी सोव्हिएत ‘वोस्तोक’ स्थानकात आणि २५ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्राझीलच्या ‘कोमांदांते फेराझ’मध्ये आग लागली ती जनरेटरघरातच. जनरेटर गेला की पंप बंद आणि पाइप गरम ठेवणारी वीजही गेली. त्यामुळे जनरेटरघरात तरी विजेशिवाय चालणारी, नायट्रोजनच्या दाबाने बारीक तुषार सोडणारी यंत्रणाच हवी. २० अंश सेल्सिअसला २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने भरलेला नायट्रोजनचा सिलिंडर उणे ४० अंशांत जेमतेम १५० बार दाखवतो. हिशेब या आकड्यावर करावा.

राहत्या भागात कोरड्या पाइपांचे स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्या, योग्य. पाइपात दाबाखालची हवा असते. उष्णतेने स्प्रिंकलरची काचकुपी फुटली की हवा निसटते, झडप उघडते आणि पाणी सुटते. झडप आणि टाकी ४ अंशांच्या वर राहणाऱ्या खोलीतच हवी. एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर देणारे चार स्प्रिंकलर अर्धा तास चालवायचे, तर ९,६०० लिटर पाणी लागते.

घात होतो तो पाइपात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी. तो स्वयंपाकघराशेजारची उबदार, दमट हवा ओढत असेल, तर पाइप थंड भागात शिरतो नेमक्या त्याच जागी आत बर्फाचा बूच बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही, दाबमापकही ठीक दाखवतो. म्हणून हवा तिच्यातला ओलावा काढणाऱ्या ड्रायरमधूनच घ्यावी, पाइपांना मीटरमागे किमान ४ मिलिमीटर उतार द्यावा, चाचणीनंतर तळाचे निचरे रिकामे करावेत आणि त्या जागेचा जोड दरवर्षी उघडून आत पाहावे. पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल हे रसायन मिसळण्याची पळवाट नको; प्रमाण वाढले तर फवाराच पेटू शकतो.

शेगडी, इंधन, रेडिओ आणि स्लीपिंग बॅगा असलेली वेगळी झोपडीही मुख्य इमारतीपासून दूर हवी. आणि ताबा घेण्यापूर्वी जनरेटर बंद करून सर्वांत लांबच्या स्प्रिंकलरपर्यंत ६० सेकंदांत पाणी पोहोचते हे दाखवण्याची अट निविदेतच असावी.