त्या गाण्यात शिकागो आहेच कुठे?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला शहरांवरच्या गाण्यांचा लेख वाचला, आवडला, पण सुफियान स्टीव्हन्स या अमेरिकन गायकाच्या ‘शिकागो’ या गाण्याबद्दल ‘हे गाणं ऐकताना अख्खं शिकागो डोळ्यांसमोर उभं राहतं’ असं जे लिहिलंय ना, ते काही पटलं नाही. मी शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो, गाणं तोंडपाठ आहे आणि त्यात शिकागो औषधालासुद्धा नाही. लेक मिशिगन नाही, डोक्यावरून खडखडत जाणारी ‘एल’ ट्रेन नाही, विलिस टॉवर नाही, भारतातून कुणी आलं की आम्ही ज्याच्यासमोर फोटो काढायला नेतो ते ‘बीन’ नावाचं चकचकीत शिल्प पण नाही. आहे काय तर एक व्हॅन आणि एक मित्र. शिकागोला जातात, मग त्याच गाण्यात न्यूयॉर्कलाही जातात, पार्किंग लॉटमध्ये झोपतात, कपडे विकून मोकळे होतात आणि व्हॅनमध्ये गाणाऱ्याला रडू येतं. खूप चुका केल्या असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो, कुठल्या ते शेवटपर्यंत सांगत नाही. म्हणजे शिकागो हे नुसतं घरातून निघायला एक निमित्त.

आता हे माहिती नव्हती म्हणून झालं असं म्हणाल तर तसंही नाही. स्टीव्हन्स डेट्रॉइटमध्ये जन्मलेला, वाढला मिशिगनमध्ये, २००३ साली ‘मिशिगन’ नावाचा अल्बम काढला आणि बिनधास्त जाहीर करून टाकलं की अमेरिकेच्या ५० राज्यांवर एकेक अल्बम करणार. (दोनच झाले. ती पब्लिसिटीसाठी सोडलेली पुडी होती हे नंतर स्वतःच कबूल केलं!) दुसरा ‘इलिनॉय’, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्यावरचा, जुलै २००५चा, आणि हे गाणं त्यातलंच. त्यासाठी पठ्ठ्याने शिकागोवर लिहिणारे लेखक वाचले, सॉल बेलो वाचला, कार्ल सँडबर्ग वाचला, इतिहासाची पुस्तकं चाळली, आणि ते सगळं २२ ट्रॅकमध्ये ठासून भरलंय. लिंकन येतो, सुपरमॅन येतो, जॉन वेन गेसी हा सिरियल किलर येतो, १८९३चं ते जागतिक प्रदर्शन येतं, म्हणजे ज्याला जोडून सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले तेच, आपल्याकडे शिकागो म्हटलं की बहुतेकांना पहिलं आठवतं ते. आणि एवढ्या सगळ्या अभ्यासातून लोकांनी डोक्यावर घेतलं कुठलं, तर ज्यात अभ्यास जवळजवळ दिसतच नाही ते!

लेखात जे अजिबातच आलं नाही ते म्हणजे गाणं बनलं कसं. अल्बमचं बहुतेक रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये झालंय, क्वीन्समधल्या अॅस्टोरियाचा एक स्टुडिओ, ब्रुकलिनमधलं त्याचं घर, पियानोसाठी तिथलंच एक चर्च. आठ ट्रॅकचं छोटं डिजिटल रेकॉर्डिंग मशीन, शुअरचा एसएम५७ माईक, आपल्याकडे कार्यक्रमात तबल्यासमोर वगैरे लावतात तोच, काही फार महागडा नाही. सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपले जातात तो आकडा, ३२ किलोहर्ट्झ, साध्या सीडीचा ४४.१ असतो त्याच्यापेक्षाही कमी. बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवली, एक झालं की दुसरं त्यावर चढवायचं, व्हायोलिन, ट्रम्पेट, कोरस यांना मित्रमंडळी. आणि ऐकायला बसलं की वाटतं मोठ्या हॉलमध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा बसवलाय. सुरुवातीलाच व्हायोलिन्स अशी उसळून येतात की आता हा माणूस ओरडून गाणार असं वाटतं, तेवढ्यात सगळं खाली बसतं आणि तो जवळजवळ कुजबुजतच सुरू करतो. कोरस नंतर येतो, आणि त्या कोरसमुळे एकट्याची कबुली सगळ्यांची होऊन जाते. माझ्या मते गाण्याची सगळी करामत तिथेच आहे, शहराच्या नावात नाही.

पुढच्या वर्षी उरलेल्या गाण्यांचा ‘द अॅव्हलांच’ काढला, त्यात याच गाण्याची आणखी तीन रूपं आहेत. त्यातलं अकूस्टिक ऐका, गिटार आणि आवाज, बस. बाकी लवाजमा काढून टाकला तरी गाणं उभं राहतं. मग ‘लिटल मिस सनशाइन’ सिनेमात आलं, तोही व्हॅनमधून निघालेल्या कुटुंबाचा, २०१९ मध्ये ‘द पॉलिटिशियन’ सिरीजचं टायटल साँग झालं, आणि २०२४ मध्ये तर अख्ख्या अल्बमवर जस्टिन पेक या कोरिओग्राफरने बसवलेला शो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला, एकही संवाद नाही, नुसता नाच आणि ही गाणी. पेकला कोरिओग्राफीचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांचं मोठं पारितोषिक, मिळालं. ज्यांनी शिकागो कधी पाहिलं नाही अशी कितीतरी माणसं हे गाणं आपलं समजून ऐकतात, ते वर्णनाच्या जोरावर झालं असतं का सांगा.

आपल्याकडे उलटं चालतं. शहरावर गाणं म्हटलं की शनिवारवाडा, मिसळ, पेठांची नावं, वर ड्रोनचा शॉट, झालं पुण्याचं गाणं तयार. ऐकायला मजा येते, नाही असं नाही, पण ती यादी आहे हो, आणि लेखानेही तीच फूटपट्टी शिकागोला लावली एवढीच माझी तक्रार आहे.

बाकी एक दुरुस्ती. गाण्याचं साल २००६ छापलंय, ते २००५ हवं. वर सांगितलेला सिनेमा आणि तो उरलेल्या गाण्यांचा अल्बम २००६चे, त्यातून घोळ झाला असणार. पुढच्या रविवारी दुरुस्ती टाकली तर बरं होईल, आणि ऑनलाइन आवृत्तीत लिंक देणार असाल तर एक अकूस्टिकचीही द्या.

आपला,
परदेशातून ई-पेपर वाचणारा एक वाचक