घर सोडून निघालेल्या एका माणसाबद्दल, माझ्या लेकीला

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. नोकरी सोडायची, वर्षभर ध्यान करायचं, जमेल तेवढं पाली शिकायचं आणि पुढचं पुढे, हे तू कळवलंस ते बरं केलंस. ‘आई, चिडू नकोस’ हे मात्र इतक्या वेळा लिहिलंयस की ते वाचूनच चिडायला झालं. फोन करणार होते, पण फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. पाचव्या मिनिटाला तू ‘तुला कळणारच नाही’ म्हणतेस आणि मी कुकर बघायला उठते. म्हणून लिहितेय.

मला काय कळतं आणि काय नाही ते बाजूला ठेवू. तुला एका माणसाबद्दल सांगायचंय, पाली आणि बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबींबद्दल. गणितातले आणि इतिहासातले दामोदर कोसंबी तुला माहीत आहेत, त्यांचे हे वडील. कॉलेजात मी पाली घेतलं ते मार्क बरे पडतात म्हणून. ओढ वगैरे काही नव्हती. पण त्या निमित्ताने त्यांचं ‘निवेदन’ हे १९२४ चं आत्मचरित्र हातात आलं आणि ते मानगुटीवर बसलं ते बसलंच. दर काही वर्षांनी काढते, दरवेळी त्यांच्याशी मनात वाद घालते. तुझा मेल आल्यावर पुन्हा काढलं.

माणूस गोव्यातल्या साखवाळचा, जन्म १८७६ चा. पोर्तुगीजांचं राज्य, शिक्षणाची आबाळ, प्रकृती तोळामासा, अंगावर नारळाच्या बागांचं काम आणि मिसरूड फुटायच्या आत झालेलं लग्न. अशा घरात ‘बालबोधमेवा’ नावाचं मुलांचं मासिक येऊन पडतं आणि त्यात बुद्धावर एक लेख असतो. मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचं, वाचणारा सारस्वत ब्राह्मण आणि भेटतो बुद्ध! हा योग मला फार आवडतो. आपल्याला काय कुठून मिळेल याचा काही नेम नसतो, आणि देणाऱ्यालाही आपण काय देतोय ते कळत नसतं.

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. पुण्यात डॉ. भांडारकरांना भेटले, तिथून ग्वाल्हेर, मग काशी. आता बुद्धाच्या शोधात निघालेला माणूस काशीत काय करत होता? अन्नछत्रात जेवत होता आणि संस्कृत व्याकरण घोकत होता. हे मी तुला मुद्दाम सांगतेय. तुझ्या मेलमध्ये ‘स्वतःला शोधणं’ बरंच आहे, घोकणं कुठेच नाही. तुझ्या त्या वर्षातला जो भाग तू ‘जमेल तेवढं पाली’ म्हणून उडवून लावला आहेस, तोच मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

मग नेपाळ. साल १९०२. बुद्धाचा जन्म त्या बाजूचा, तेव्हा धर्म तिथे जिवंत असणार, अशा हिशेबाने डोंगर तुडवत ते काठमांडूला पोचले आणि जे दिसलं त्याने पार विटले. इतकी वर्षं ज्याची आस धरली ते इथे नाहीच. अशा वेळी माणसं एक तर स्वतःची समजूत घालून जे समोर आहे त्यालाच खरं मानतात, नाहीतर सगळंच थोतांड म्हणून मोकळी होतात. हे गृहस्थ तिथून उतरले आणि बोधगयेला गेले. तिथे एका भिक्षूने सांगितलं, शिकायचं असेल तर सिंहलद्वीपाला जा. गेले! कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू झाले आणि पाली शिकू लागले. तिथलं अन्न मानवलं नाही, तब्येत ढासळली, म्हणून मद्रासला आले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाला बसले.

त्या काळी पाली ग्रंथ हवे तर ते सिंहली लिपीत, बर्मी लिपीत, फार तर रोमनमध्ये. देवनागरीत जवळपास काही नाही. आधी लिपी शिका, मग भाषा शिका, मग ग्रंथ उघडा. तुझ्या फोनमध्ये अख्खं तिपिटक, म्हणजे बौद्धांचे सगळे मूळ ग्रंथ, देवनागरीत आहे, वर ध्यानाची ॲपं वेगळी. त्यामुळे तुझं सोपं झालं असं मला वाटत नाही. त्यांना पावलोपावली कुणी ना कुणी सांगत होतं की हे इथे मिळणार नाही, पुढे जा. तुला कोणीच नाही म्हणत नाही. जिथे जाशील तिथे ‘अगदी बरोबर ठिकाणी आलात’ असंच ऐकायला मिळेल. काठमांडूहून उतरायची वेळ आली हे ओळखायचं काम तुझं तुलाच करावं लागेल.

१९०६ साली ते कलकत्त्यात आले. वंगभंगाची चळवळ पेटलेली, राष्ट्रीय शिक्षणाचे वारे वाहत होते. तिथे त्यांनी चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, उतरवलं आणि पाली शिकवायला लागले. संसारात परतले, पुढच्या वर्षी दामोदर जन्मला. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत धीट वाटतो. घर सोडणाऱ्याच्या पाया पडायला लोक धावतात. परत येणाऱ्यासाठी कोणी हार घेऊन उभं नसतं. तुला वर्षभरानंतर, किंवा तिसऱ्याच महिन्यात, परत यावंसं वाटलं तर ये. ‘काय झालं?’ असं मी विचारणार नाही. बाबा विचारतील, त्यांना सांभाळून घे.

त्यानंतर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचं आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यायचं. कलकत्त्यात पगार याहून बराच जास्त होता. तरी आले, कारण जे आपण समुद्र ओलांडून आणलं ते आपल्या भाषेतल्या माणसांना मिळालं पाहिजे, हे डोक्यात पक्कं होतं.

आणि मग ते हार्वर्ड प्रकरण. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाचव्या शतकातला ग्रंथ, ध्यानाची पायरी न् पायरी त्यात मांडलेली आहे. हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने त्याची पाठशुद्ध आवृत्ती करायला घेतली होती, पण ती पुरी व्हायच्या आत तो वारला. ते काम पुढे न्यायला कोसंबी १९१० मध्ये अमेरिकेला गेले. प्रमुख होते प्रोफेसर लॅनमन. श्रेयावरून दोघांचा खटका उडाला आणि हे १९१२ ला परत आले. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. १९१८ ला पुन्हा गेले, नंतर आणखी दोन खेपा केल्या. शेवटची १९३१-३२ ची. मनू, हे काम कसं असतं ते तुला लवकरच कळेल. बर्मी पोथीत एका शब्दाला अनुस्वार आहे, सिंहली पोथीत नाही. अर्थ दोन्हींनी लागतो. मग खरा पाठ कोणता? त्यासाठी अट्ठकथा, म्हणजे जुनी पाली टीका, उघडायची, तोच शब्द आणखी कुठे आलाय ते शोधायचं आणि संध्याकाळी एक ओळ पक्की झाली म्हणून उठायचं. असं वर्षानुवर्षं. भारतात त्यांची स्वतःची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये निघाली. हार्वर्डची निघाली १९५० मध्ये, तोवर ते हयात नव्हते. डोळे मिटून बसण्याइतकंच हेही ध्यान होतं, असं माझं मत. तुझे गुरुजी कदाचित मान्य करणार नाहीत.

रशिया, अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ, हे तू पुस्तकांतून वाच. मला सांगायचंय ते १९३० बद्दल. हा पन्नाशी ओलांडलेला पालीचा पंडित शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरला आणि तुरुंगात गेला. अमेरिकेत असताना समाजवाद वाचलेला होता, तोही अंगात भिनला होता. पुढे परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभा केला. काळ बदलत गेला तशी त्यांच्या शोधाची जागाही बदलत गेली आणि कुठलीच जागा त्यांनी आधीच्या जागेचा अपमान करून सोडली नाही. आजकाल आपल्याकडे ‘आतलं’ आणि ‘बाहेरचं’ अशी वाटणी फार करतात. बाहेर माणसं पेटलेली असताना आपण आत शांत बसलो की झालं अध्यात्म! त्या शांततेची मला भीती वाटते. तुझ्याविषयी वाटत नाही, पण लिहून ठेवते.

आता माझा वाद. बाळाबाई, म्हणजे त्यांची बायको. ‘निवेदन’ वाचताना मी दरवेळी त्यांना शोधते आणि दरवेळी त्या दाराआडूनच दिसतात. तान्ही पोर घेऊन, नवरा जिवंत आहे की नाही याची खबर नसताना, एकत्र घरात त्या वर्षांत काय काय ऐकून घेतलं असेल त्यांनी! त्यांचं निवेदन कुणी लिहून घेतलं नाही. तुझ्यामागे लेकरू नाही, कर्ज नाही, त्यामुळे हा हिशेब तुला लागू नाही हे मला कळतं. तरी तिथे पोचलीस की बघ, तुमच्या शिबिराची भांडी कोण घासतं.

त्यांचा शेवटही मला अजून पचलेला नाही. आयुष्याच्या अखेरीस ते जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्यामाकडे, म्हणजे चार व्रतांच्या धर्माकडे, ओढले गेले. शरीर थकलं, आता आपल्या हातून काही होत नाही, उगाच कुणावर भार कशाला, म्हणून अन्न सोडलं. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून उपोषण थांबवलंही होतं. पण जून १९४७ मध्ये सेवाग्रामला ते तसेच गेले. लोक याला थोर म्हणतात. मी आई आहे, मला ताटावरून उठलेलं माणूस बघवत नाही. विषय संपला.

पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी त्यांना माझं सगळं माफ. १९४० च्या सुमारास त्यांनी ‘भगवान बुद्ध’ लिहिलं. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री बायको-पोर झोपेत असताना निघून गेला, ही आपण शाळेत शिकलेली गोष्ट. त्यांनी ती खोडून काढली. मूळ सुत्तं, म्हणजे बुद्धाची पालीतली प्रवचनं, पाहा म्हणाले. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणं होती, शस्त्रं उचलायची वेळ येत होती, त्या हिंसेला विटून गौतम बाहेर पडला असं त्यांनी मांडलं. पुढे डॉ. आंबेडकरांनीही रोहिणीच्या पाण्याचं कारण घेतलं. आणि रात्री पळून जाण्याचं म्हणशील, तर अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतो की आईवडिलांची इच्छा नसताना, ‘अस्सुमुखानं रुदन्तानं’, त्यांची तोंडं आसवांनी भिजलेली असताना, त्यांच्या रडण्यादेखत मी केस उतरवून निघालो. म्हणजे चोरून नाही, समोर उभं राहून. स्वतः तान्ही पोर मागे ठेवून निघालेल्या माणसाने ही ओळ शोधून काढावी! लिहिताना साखवाळचं घर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार असं मला वाटतं.

रडणारी ती आई म्हणजे महाप्रजापती गौतमी, सख्खी नव्हे, मावशी. पुढे तीच शाक्य बायकांना घेऊन, पाय सुजेपर्यंत चालत, धुळीने माखून वैशालीला गेली आणि आम्हालाही संघात घ्या म्हणून विहाराच्या दाराशी उभी राहिली. तेव्हा माझा भरवसा धरू नकोस.

पुस्तक कुरियरने पाठवतेय. समासात पेन्सिलीने जे लिहिलंय ते माझं आहे, त्यातलं कॉलेजातलं सोडून दे. पीएफ काढू नकोस. मेडिक्लेमचा हप्ता मी भरते, त्यावर वाद नको.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ‘आई, तूच हळूहळू त्यांच्या कानावर घाल’ हे तुझं शेवटचं वाक्य मी वाचलंच नाही असं समज. शनिवार-रविवार घरी ये, त्यांच्यासमोर बस आणि तू सांग. ते आधी काही बोलणार नाहीत, मग पेपर उघडतील. पेपर उघडला तरी तू उठू नकोस.

तुझी,
आई

ता.क. येताना माझा चष्मा आण, मागच्या वेळी तुझ्याकडे राहिलाय. त्याशिवाय पालीचे अनुस्वार दिसत नाहीत.