ॲल्युमिनियमची कांडी जागा पाहून वापरा

संपादक महोदय,

ॲल्युमिनियमच्या फुटक्या वस्तूखाली साधी गॅस टॉर्च धरायची, चंदेरी कांडी टेकवायची आणि भोक बुजलेले दाखवायचे, अशा चित्रफिती सध्या मोबाईलवर फिरत आहेत. त्या पाहून कांड्यांची पुडकी मागवणारेही वाढले आहेत. दाखवतात ते खोटे नसते, पण अर्धेच असते. या कांड्या बहुतेक वेळा जस्ताच्या असतात. त्यात ॲल्युमिनियम थोडेसेच, आणि पोटात फ्लक्सची, म्हणजे सांधा धरण्यासाठी धातूचा पृष्ठभाग साफ करणाऱ्या रसायनाची पूड. ३८० ते ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्या वितळतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांला वितळते, म्हणून मूळ वस्तू शाबूत राहून सांधा भरतो. हे वेल्डिंग नव्हे. डाग देण्याचाच हा जरा तापट प्रकार आहे.

अडचण ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याची आहे. तो दोन हजार अंशांच्या वर वितळतो आणि घासून काढला तरी लगेच पुन्हा धरू लागतो. कांडीतला फ्लक्स तो फोडतो. फ्लक्स नसलेली कांडी असेल तर ती वितळलेली असतानाच तिच्याखाली स्टीलच्या ब्रशने पृष्ठभाग खरवडावा लागतो. नाहीतर थेंब वर नुसता बसतो आणि नखाने निघतो. ज्योत कांडीवर धरायची नाही, वस्तूवर धरायची. वस्तूच्या उष्णतेने कांडी वितळली तरच सांधा धरला असे समजावे. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही. डोळ्याला काही कळायच्या आत ते वितळून खाली बसते, त्यामुळे ज्योत सतत फिरती हवी.

खिडकीची चौकट, कुंडीचा स्टँड, कूलरची बॉडी, पन्हळीचा पत्रा यांना ही कांडी चालते. खाद्यपदार्थांच्या भांड्यांना चालत नाही. चिंच, कोकम, ताक अशा आंबटात जस्त विरघळते आणि फ्लक्सचा अंश फटीत राहतो. दुधाच्या कॅनलाही हेच लागू. तिथे आर्गन वेल्डिंगच (आर्गन वायूच्या आवरणात विजेच्या आर्कने मूळ धातू वितळवून केलेला जोड) हवे, आणि आतली शिवण घासून इतकी सपाट हवी की दुधाचा थर धरायला फट उरणार नाही. असे कॅन धुवायला कॉस्टिक सोडा वापरू नये, तो ॲल्युमिनियमच खातो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत जस्ताचा सांधा मूळ धातूच्या आधी झिजतो, हे कोकणातल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रेशर कुकरच्या भांड्याला किंवा झाकणाला कांडी लावू नये आणि आर्गनही मारू नये. आत सुमारे १२० अंश तापमान आणि चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपास दाब असतो. जस्त त्या उष्णतेत मऊ पडते. वेल्डिंग केले तर शेजारचा पत्रा नरम होतो. शिटी, रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलता येतात. चिरलेले भांडे मोडीत द्यावे.

एसीच्या कॉइलचे दुखणे निराळे. आर-३२ गॅसच्या यंत्रात ऐन उन्हाळ्यात कंडेन्सरकडचा दाब चौरस सेंटीमीटरला तीस किलोच्या वरही जाऊ शकतो. तिथे जस्ताची कांडी चालवायची तर सांध्याला पुरेसा आच्छाद हवा, म्हणजे एक भाग दुसऱ्यावर चढलेला हवा. भोकावर नुसता थेंब टाकून भागत नाही. तांब्याची नळी ॲल्युमिनियमला जोडताना तापमान ५४८ अंशांच्या खालीच ठेवावे लागते. त्या अंशाला दोन्ही धातू एकमेकांत मिसळून वितळतात आणि थंड झाल्यावर सांधा काचेसारखा ठिसूळ होतो. ज्योत लावण्याआधी गॅस पूर्ण काढलेला हवा. आर-३२ पेट घेऊ शकतो, शिवाय तापलेल्या रेफ्रिजरंटमधून विषारी आम्लवायू निघतात. गळती तपासायला नायट्रोजनच वापरावा. ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो.

बाइकच्या इंजिनचे केसिंग किंवा पंपाची बॉडी फुटली तर काम आर्गनवाल्याकडेच न्यावे, आणि मशीन एसी टिगचे (उलटसुलट वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर आर्गन वेल्डिंग करणारे) आहे का ते आधी विचारावे. लहान दुकानांतली बरीच इन्व्हर्टर मशीन फक्त डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहावर, वेल्डिंग करतात. डीसीवर वेल्डिंगची टॉर्च ऋण टोकाला जोडून साध्या आर्गनमध्ये ॲल्युमिनियम जोडायला गेले की पापुद्रा फुटत नाही आणि वितळलेला धातू काळ्या सालीखाली नुसता लोळत राहतो. एसीत प्रवाहाची दिशा उलटसुलट होते. एका अर्ध्या फेऱ्यात पापुद्रा उडतो, दुसऱ्यात उष्णता खोल जाते. ३ मिलिमीटर पत्र्याला साधारण १२० अँपियर, टॉर्चमध्ये २.४ मिलिमीटर जाडीची टंगस्टनची सळी आणि मिनिटाला ८ ते १० लिटर शुद्ध आर्गन, इथून सुरुवात करून हात बसवावा.

काम फसते ते बहुधा आर्क पेटण्याआधीच. आधी ॲसिटोनने तेल पुसायचे आणि मग ब्रश मारायचा. उलट केले तर ब्रश तेल आत रगडतो. ब्रश स्टेनलेसचा आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला हवा. लोखंडावर फिरलेला ब्रश लोखंडाचे कण पेरून जातो. चीर व्हीच्या आकारात खोल कोरावी आणि तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे पळत नाही. जुन्या केसिंगमध्ये तेल मुरलेले असते, म्हणून ते दीडशे अंशांपर्यंत तापवून तेल वर येऊ द्यावे आणि पुन्हा पुसावे. शिवणीत बारीक छिद्रे पडतात ती हायड्रोजनमुळे. वितळलेले ॲल्युमिनियम तो भरपूर सामावून घेते आणि गोठताना बाहेर टाकते. हा हायड्रोजन तेलातून येतो तसा ओलाव्यातूनही येतो, त्यामुळे पावसाळ्यात उघड्या पुडक्यातली फिलर रॉड (शिवण भरायला वितळवतात ती सळी) वापरू नये. गार धातूवर गॅसची ज्योत धरली की आधी दव धरते. ते पूर्ण उडेपर्यंत तापवत राहावे.

रॉड कोणती, हा प्रश्न दुकानात फारच कमी जण विचारतात. ओतीव केसिंगला ४०४३ क्रमांकाची फिलर रॉड बरी, तिच्यात ५ टक्के सिलिकॉन असते. ५३५६ क्रमांकाच्या रॉडमध्ये सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम असते. ती जास्त मजबूत, पण सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला तिचा सांधा कालांतराने तडकू शकतो. सायकलच्या किंवा यंत्राच्या ७०७५ या जातीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या भागाला कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर वस्तू उचलून परत यावे. ती जात गोठतानाच चिरते.

एकदा जस्ताची कांडी मारलेली वस्तू नंतर आर्गनवाल्याकडे नेली, तर आर्कखाली जस्त उकळून उडते, शिवण फसफसते आणि पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. सगळे जस्त ग्राइंडरने खरवडून काढल्याशिवाय ती वस्तू पुन्हा जोडता येत नाही. थोडक्यात, महत्त्वाच्या भागावर आधी स्वस्त कांडी लावून पाहिली तर पुढची दुरुस्ती महाग होते.

काही ब्रेक क्लीनर स्प्रेमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असते. त्याने पुसलेल्या भागावर आर्क मारला तर फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. डब्यावर घटक वाचावेत. छापलेले नसतील तर ॲसिटोनच घ्यावे.

या कांड्यांच्या अनेक पुडक्यांवर ना मिश्रण छापलेले असते, ना वितळण्याचे तापमान. विक्रेत्यांनी ही दोन्ही माहिती आणि ‘खाद्यपदार्थांची व दाबाची भांडी यांसाठी नाही’ ही ओळ मराठीत छापावी. ऑनलाइन विक्रीच्या पानावरही ती असावी, आणि वजनमापे व ग्राहक संरक्षणाचे काम पाहणाऱ्या खात्यांनी त्याकडे लक्ष द्यावे, अशी विनंती.

आपले,
वेल्डर व्यवसायाचे दोन शिल्पनिदेशक