नितीन गडकरी यांना खुले पत्र: सायलेन्सरचा आवाज आधी मोजा, मग चलान फाडा

आदरणीय गडकरी साहेब,

सादर नमस्कार.

दर काही महिन्यांनी पेपरात एकच फोटो येतो. शहर कधी पुणे, कधी नागपूर, कधी कोल्हापूर. रस्त्यावर ओळीने मांडलेले जप्त सायलेन्सर आणि त्यांच्यावरून जाणारा रोडरोलर. फोटो झकास येतो, पण त्याच आठवड्यात त्याच बाजारपेठेत तोच कर्कश ‘पंजाब’ आणि तोच ‘इंदोरी’ पाइप दीड-दोन हजारांत पुन्हा टांगलेला असतो. रोलर गिऱ्हाइकाच्या मालावर फिरतो, दुकानाकडे कोणी फिरकत नाही.

मोटरसायकलींचे एक्झॉस्ट बसवणं आणि ट्यून करणं हा आमचा धंदा आहे, म्हणून आम्ही आवाजाची वकिली करतोय असं वाटेल. तसं नाही. रात्री अकराला हॉस्पिटलसमोरून सायलेन्सरचे फटाके फोडत जाणाऱ्याला पकडलंच पाहिजे. फक्त ते कानाने आणि पाइपच्या आकारावरून नको. मीटरने पकडा, आणि मीटर धरायची रीत नीट ठरवून द्या. नियम केंद्राचे आहेत, म्हणून पत्र मुंबईला न पाठवता तुम्हाला लिहितोय.

आधी त्या 80 डेसिबलचा घोळ. 80 सीसीपर्यंत 75 डेसिबल, 80 ते 175 सीसीला 77 आणि त्यावरच्या दुचाकीला 80, हे आकडे चौकाचौकात सांगितले जातात. पण ही मर्यादा कारखान्यातून निघणाऱ्या गाडीसाठी आहे, आणि ती आयएस 3028 या भारतीय मानकाप्रमाणे चालत्या गाडीवर मोजतात. मोकळा ट्रॅक, गाडी ठरलेल्या वेगाने आत येते, मग पूर्ण थ्रॉटल (ॲक्सिलरेटर), आणि माइक गाडीच्या मार्गापासून 7.5 मीटरवर. चौकात मात्र मीटर, कधी तर मोबाइलचं ॲपच, पाइपच्या तोंडाशी धरतात. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. या हिशेबाने 7.5 मीटरवरचा आवाज अर्ध्या मीटरवर मोजला तर आकडा 23 डेसिबलच्या आसपास चढतो. म्हणजे शोरूममधून आत्ता बाहेर काढलेली, कंपनीच्याच सायलेन्सरची गाडीसुद्धा तिथे 80 च्या वर जाते. सरळमार्गी माणूस दंड भरतो, आणि ज्याचा पाइप खरोखर फाटका आहे त्याला ‘मोजलंत कसं?’ असं विचारायची आयती सोय होते.

उभ्या गाडीचा आवाज मोजायची रीत आपल्याकडे आहे, आयएस 10399. माइक पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, धूर निघण्याच्या दिशेशी 45 अंशांत, तोंडाच्याच उंचीवर, पण जमिनीपासून किमान 20 सेंटिमीटर. तीन मीटरच्या आत भिंत, टेम्पो, बघ्यांची गर्दी नको. आजूबाजूचा आवाज गाडीच्या आवाजापेक्षा 10 डेसिबलने तरी कमी हवा, म्हणजे भर सिग्नलवर हे जमणार नाही, गाडी बाजूच्या गल्लीत घ्यावी लागेल. मीटर आधी 94 डेसिबलचा ठरलेला आवाज काढणाऱ्या कॅलिब्रेटरवर तपासलेला असावा. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो चपटा होतो. ॲपवर चलान फाडू नये.

मग आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. ज्या आरपीएमला इंजिनाची कमाल ताकद मिळते तो आकडा 5000 च्या वर असेल तर त्याच्या निम्म्यावर, खाली असेल तर पाऊण भागावर इंजिन स्थिर धरायचं, आणि थ्रॉटल एकदम सोडायचा. या सगळ्यात मीटरने दाखवलेला सर्वात मोठा आकडा हे रीडिंग. अशी तीन रीडिंग घ्यायची, त्यांच्यात 2 डेसिबलपेक्षा जास्त फरक नको. सध्याच्या क्लासिक 350 ची कमाल ताकद 6100 ला आहे, तिला 3050 वर धरायचं. पल्सर एनएस200 ची 9750 ला, तिला 4875 वर. आता गंमत अशी की क्लासिकला आरपीएमचा काटाच नाही. हवालदाराने 3050 ओळखायचे कसे? प्लगच्या वायरला चिमटा लावून आरपीएम दाखवणारं यंत्र मिळतं, ते प्रत्येक पथकाकडे हवं. ते नसेल तर समोरचा जितका ॲक्सिलरेटर पिळेल तितका आकडा, आणि तो कमीच पिळणार.

आणि रीडिंग आलं तरी ते कशाशी ताडून बघायचं? युरोपात गाडीच्या नोंदणीच्या कागदावर यू.1 या रकान्यात उभ्या गाडीचा आवाज आणि यू.2 मध्ये तो कोणत्या आरपीएमला मोजला ते छापलेलं असतं. आमची पहिली मागणी हीच: हे दोन आकडे आपल्या आरसीवर आणा. कंपन्यांकडे चाचणीची सोय आहेच. मग पोलिसाला मॉडेल पाठ असायची गरज नाही आणि ‘सायलेन्सर जाड दिसतोय’ एवढ्यावर कोणाला थांबवायलाही नको. आकड्याच्या वर 5 डेसिबलची सूट ठेवा, कारण मीटर, हवा आणि सायलेन्सरच्या आतलं जुनं झालेलं भरण यांत तेवढा फरक पडतो. त्याच्या वर गेला की खुशाल जप्त करा.

आता पाइपच्या पोटात काय असतं ते, कारण दुकानात काय तपासायचं हे त्यावरच ठरेल. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात. धूर एकातून दुसऱ्यात वळतो, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात. बाहेरच्या बऱ्या सायलेन्सरमध्ये भोकं पाडलेली सरळ नळी, तिच्याभोवती स्टील वूलचा पातळ थर आणि त्यावर ग्लास वूल (काचेच्या तंतूंचं भरण) असतं. ‘पंजाब’ नावाने जे विकतात त्यात बहुतेक वेळा नुसतं नळकांडं आणि तोंडाशी एक चकती असते. भरण घातलेलंच असलं तर स्वस्त वूल काही महिन्यांत जळून भोकांतून उडून जातं. नवा असताना सभ्य वाटलेला पाइप पावसाळा संपेपर्यंत बोंबलायला लागतो. युरोपच्या आर-92 नियमात म्हणूनच तंतूंचं भरण असलेला सायलेन्सर नवाकोरा मोजत नाहीत, आधी वापरून मुरवतात आणि मग मोजतात. आपणही चाचणी ठेवाल तेव्हा हे कलम विसरू नका, नाहीतर पास झालेला मालच सहा महिन्यांनी नापास निघेल.

‘डीबी किलर’ म्हणून तोंडात बसणारी छोटी नळी मिळते. ती एका ॲलन बोल्टवर असते, पोलिस दिसले की आत, घाट लागला की खिशात. मान्यता द्यायची तर ती नळी वेल्ड केलेली असेल त्यालाच द्या.

किल स्विचचे (हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणाचे) ‘फटाके’ ज्यांना आवडतात त्यांनी एवढं ऐकावं. चालत्या गाडीत स्विच बंद केला की ठिणगी जाते, कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल मात्र ओढलं जातच राहतं. न जळलेलं मिश्रण तापल्या पाइपात साठतं, स्विच चालू करताच तिथेच पेटतं. त्या धडाक्यात सायलेन्सरची शिवण उसवते, आणि पाइपात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) असेल तर त्यातलं जाळीदार पोळं वितळून धुराची वाट अडते. गाडी ओढेनाशी होते, आणि मग गिऱ्हाईक ‘पिकअप गेला’ म्हणत गॅरेजमध्ये येतं.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कॅट काही गाड्यांत बेंड पाइपात (इंजिनातून निघणाऱ्या वळणदार नळीत) असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. बेंडमध्ये असेल तर मागचा भाग बदलूनही प्रदूषणाची व्यवस्था बऱ्यापैकी शाबूत राहते. पोटात असेल तर सायलेन्सर बदलला की कॅटही गेला. मान्यता देताना मॉडेलनिहाय हे पाहावंच लागेल. पीयूसीच्या भरवशावर राहू नका. तिथे आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, धूर तपासतात, आवाज ऐकतच नाहीत.

बसवण्यातही चुका ठरलेल्या. इंजिनाच्या हेडवरचं जुनं एक्झॉस्ट गॅस्केट तसंच ठेवतात. ते एकदा दबलं की दुसऱ्यांदा पकड घेत नाही, नवंच घालावं. आधी सगळे नट हाताने लावायचे, मग फ्लँजचे (पाइप इंजिनाला धरणाऱ्या पट्टीचे) दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने, मग क्लॅम्प, आणि हँगरचा बोल्ट सर्वात शेवटी. उलटं केलं तर पाइप ताणात राहतो, फ्लँज तिरकी बसते आणि स्टड तुटतो. इंजिन चालवून जोडावर काजळी धरते का बघायचं, कारण लीक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडतं आणि मालक पेट्रोल पंपाला शिव्या देतो. सेन्सरची वायर पाइपला टेकू नये हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

ट्यूनिंगबद्दल थोडक्यात. कार्ब्युरेटरच्या गाडीत मोकळा पाइप बसवला की मिश्रण पातळ होतं. थ्रॉटल सोडताना फटफट होत असेल तर आधी जोडाचा लीक बघावा, मग कार्ब्युरेटरचा पायलट स्क्रू. मधल्या पट्ट्यात अडखळत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली. पूर्ण थ्रॉटलला दम कमी असेल तर मेन जेट एक नंबर मोठा. नंतर प्लग काढून बघावा: बिस्किटी रंग बरोबर, पांढराफटक म्हणजे पातळ, काळी काजळी म्हणजे जाड. पातळ मिश्रणावर महिनोन् महिने चालवली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. एफआयच्या (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत ईसीयू सेन्सरच्या मदतीने मिश्रण सांभाळतो, पण पूर्ण थ्रॉटलला तो आधीच भरलेल्या आकड्यांवरच (मॅपवरच) चालतो, तिथे मॅप बदलल्याशिवाय मोकळ्या पाइपचा उपयोग नाही. आणि नुसतं नळकांडं लावलं तर खालचा टॉर्क जातो. गाडी जोरात ओरडते म्हणून जोरात पळतेय असं वाटतं, स्टॉपवॉच वेगळं सांगतं.

कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये परंतुक घातलं, की गाडीतले बदल आणि रेट्रोफिटिंग यांचे निकष आणि मान्यतेच्या अटी केंद्र सरकार ठरवील, आणि अशा बदलांमुळे कंपनीची वॉरंटी रद्द धरली जाणार नाही. सीएनजी किटला मान्यता मिळते, ते आरटीओत नोंदवता येतं. तोच मार्ग सायलेन्सरला उघडा. चाचणीसाठी पुण्यातली एआरएआय आहे, मानेसरची आयकॅट आहे. पास झालेल्या नगावर मॉडेल, मान्यता क्रमांक आणि उभ्या गाडीचा आवाज हे अंगावरच कोरलेलं असावं. स्टिकर नको, स्टिकर छापखान्यात मिळतो.

सध्या कलम 182ए(4) खाली बदल करणाऱ्या मालकाला बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 190(2) खाली आवाजासाठी 10,000 पर्यंत दंड आहे, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. विकणाऱ्याचं काय? सुट्या भागांबद्दलचं 182ए(3) लागायचं तर तो भाग सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित असावा लागतो. तेव्हा मान्यतेच्या कोरीव शिक्क्याशिवाय रस्त्यावरच्या गाडीसाठी सायलेन्सर विकणं हाच स्वतंत्र गुन्हा करा. रेसिंगसाठीचा माल असेल तर बिलावर तसं लिहून घ्या, आणि तो दुकानातच गाडीला बसवायला बंदी घाला.

शेवटचं, रोडरोलरबद्दल. पाइप चिरडण्याआधी मालकाकडून कंपनीचा मूळ सायलेन्सर मागवा, तो बसवून घ्या, मगच गाडी सोडा. मूळ सायलेन्सर बहुतेक घरी नसतो, कारण कॅटमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी भंगारवाले त्याला चांगला भाव देतात. ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून चोरीला जातात ते याच धातूंच्या भुकटीसाठी. मूळ विकलेला, बाहेरचा चिरडलेला, अशा अवस्थेत मालक दुसऱ्या दिवशी सर्वात स्वस्त नळकांडंच विकत घेतो. बीएस-6 चा मूळ सायलेन्सर काढला तर त्याचा नंबर आरटीओत नोंदवायची सक्ती करा, म्हणजे भंगारातली विक्रीही दिसेल.

हॉर्नमध्ये बासरी-तबल्याचे सूर असावेत असं आपण मागे जाहीरपणे म्हणाला होतात. त्याला वेळ लागेल ते समजतं. आरसीवरचे दोन आकडे हे अधिसूचनेचं काम आहे, त्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी निघाला तर मॉडेलनिहाय तांत्रिक टिपणं आम्ही लेखी पाठवू.

कळावे,

आपले नम्र,
दुचाकी एक्झॉस्ट आणि ट्यूनिंगच्या धंद्यातले काही कारागीर