रिटर्न पाइपला नसलेल्या, आणि मग मी पाडलेल्या भोकाबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या रिफ्युजियम किटमुळे घरात झालेलं पाणी, तडकलेला हीटर आणि आज फोनवर रद्द झालेली वॉरंटी

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतून मला सांगण्यात आलं की रिटर्न पाइपला, म्हणजे खालच्या टाकीतलं पाणी पंपाने वर माशांच्या टँकमध्ये परत नेणाऱ्या नळीला, मी स्वतः भोक पाडल्यामुळे किटची वॉरंटी रद्द झाली आहे. हे भोक तुमच्याच मॅन्युअलमधल्या आकृतीत आहे. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, बाण काढून दाखवलेलं आहे. पाइपवर मात्र नव्हतं. तुम्ही छापलंत ते मी केलं, आणि त्यासाठी वॉरंटी गेली. हे कुठल्या हिशोबाने झालं ते लेखी कळवा, कारण फोनवर विचारलं तेव्हा “सिस्टिममध्ये तसंच दिसतंय सर” यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

किट तुम्ही बनवता, तेव्हा रिफ्युजियम काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी लिहितो, कारण हे पत्र आधी ग्राहक सेवेतल्याच कोणाच्या तरी हातात पडणार आणि तिथे ते कोणाला ठाऊक नाही हे मी अनुभवलं आहे. खाऱ्या पाण्याच्या टँकला जोडलेला हा वेगळा कप्पा, तुमच्या किटमध्ये टँकच्या खाली ठेवायची टाकी. त्यात चीटोमॉर्फासारखं शेवाळ मुद्दाम वाढवायचं. ते पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून वाढतं, वाढलेलं शेवाळ काढून टाकलं की त्याच्याबरोबर घाणही बाहेर जाते. शिवाय त्या जाळीत कोपेपॉड नावाचे बारीक जीव माशांच्या तोंडापासून लांब, निवांत वाढतात आणि थोडे थोडे वरच्या टँकमध्ये जात राहतात. माझ्याकडे मँडरिन मासा आहे. तो पाकिटातल्या खाण्याकडे ढुंकून बघत नाही, दिवसभर दगडांवरून असले जिवंत जीव टिपत फिरतो. त्याच्यासाठी आणि काही केल्या न उतरणाऱ्या नायट्रेटसाठी मी जुन्या, व्यवस्थित चालणाऱ्या टँकला हे किट जोडलं. ‘चालू टँकला सहज जोडा, वीज गेली तरी निर्धास्त राहा’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे म्हणून जोडलं.

वीज गेली. नाशिकमध्ये जाते. इंदिरानगरात पावसाचे चार थेंब पडले तरी जाते.

आता हिशोब बघा. माझा टँक 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. या मापाच्या टँकमध्ये पाण्याची पातळी एक इंच उतरली की सुमारे 14 लिटर पाणी जातं. तुमच्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली 5 इंचांवर येतं, आणि पाइप कापायचा नाही असं मॅन्युअल बजावतं. पंप थांबला की त्याच पाइपमधून पाणी उलटं खाली येऊ लागतं, कारण पंप म्हणजे काही झडप नव्हे. पाइपच्या तोंडात हवा शिरेपर्यंत हा सायफन, म्हणजे आपोआप खाली ओढला जाणारा प्रवाह, तुटत नाही, म्हणजे जवळपास 70 लिटर खाली येणार. तुमची खालची टाकी 60 लिटरची, त्यात चालू स्थितीत 40 लिटर पाणी असतं. उरली जागा 20 लिटरची. बाकीचे 50 लिटर कुठे गेले असतील, याचा अंदाज तुमच्या इंजिनिअरांनी करावा. मला करावा लागला नाही. मी पहाटे त्यात उभा होतो.

पातळीच्या इंचभर खाली ते भोक असतं, तर हवा आत शिरून सायफन तिथेच तुटला असता. खाली 14 लिटर आले असते आणि टाकीत मावले असते. ड्रिलने अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुमच्या कारखान्यात ते झालं नाही.

प्रकरण तिथे संपलं नाही. वीज परत आल्यावर पंप सुरू झाला आणि त्याने खालच्या टाकीतलं सगळं पाणी वर ओढलं. जमिनीवर गेलेलं पाणी काही परत येणार नव्हतं, त्यामुळे खालची टाकी कोरडी पडली आणि पंप सुका घरघरत राहिला. हीटर त्याच टाकीत ठेवा हे तुमच्या मॅन्युअलचं पान 6 सांगतं. नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच, निफाडचा पारा दरवर्षी बातम्यांत असतो. तो हीटर हवेत उघडा पडून तापला, आणि मी घाईघाईने पाणी ओतलं तेव्हा काच तडकली. खारं पाणी आणि तडकलेला चालू हीटर एकत्र आले की काय होऊ शकतं हे वीजवस्तू बनवणाऱ्या कंपनीला समजावण्याची माझी इच्छा नाही. माझ्या मुलीने मेन स्विच बंद केला. मीठ लिटरला 35 ग्रॅम या हिशोबाने 50 लिटरमागे पावणेदोन किलो गेलं, तेही तुमच्याच कंपनीचं. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतावर पांढरे डाग उमटले आहेत आणि ते रोज जिन्यात मला त्यांची आठवण करून देतात.

हे सगळं मी ग्राहक सेवेला फोनवर सांगितलं. तो संवाद शब्दशः देतो, कारण कॉल ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होतो असं तुम्हीच ऐकवता. ऐकून पडताळून बघा.

“समस्या काय आहे सर?”

पंप बंद झाला की वरच्या टँकचं पाणी पाइपातून उलटं येतं आणि खालची टाकी भरून वाहते.

“मग पंप बंद करू नका सर.”

मी बंद करत नाही. वीज जाते.

“वीज कोणाची आहे सर?”

महावितरणची.

“मग ती तक्रार तुम्हाला त्यांच्याकडे करावी लागेल सर. आणखी काही मदत करू शकते का?”

मी वरिष्ठांना द्या म्हणालो. बराच वेळ सनई ऐकल्यावर ‘तांत्रिक तज्ज्ञ’ म्हणून एक गृहस्थ आले. मी पाठवलेले फोटो त्यांच्यासमोर होते. भिजलेली फरशी, पाइपचं तोंड, मॅन्युअलमधली आकृती, सगळं. त्यांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, “सर, तुमच्या खालच्या टाकीत शेवाळ फार झालंय.”

मी म्हटलं, तो रिफ्युजियम आहे.

“हो सर, पण हिरवंगार झालंय.”

ते मुद्दाम वाढवलंय.

“मुद्दाम?” इथे ते थोडा वेळ गप्प होते. मग अगदी समजुतीच्या सुरात, “सर, शेवाळामुळे पाइप चोक होतो, म्हणून तुमचं पाणी बाहेर आलं. आमचं अल्गी रिमूव्हर आहे ना, ते टाका. दोन दिवसांत टाकी काचेसारखी होईल. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दहा टक्के सूट देतो.”

त्यात काय असतं, विचारलं. त्यांनी बाटलीवरचं वाचून दाखवलं. कॉपर सल्फेट.

“एकदम सेफ आहे सर. माशांना काही होत नाही.”

तांबं कोळंबीला, कोरलला आणि कोपेपॉडना मारतं. ते टँकमधल्या दगडांत आणि वाळूत मुरून बसतं, पाणी कितीही बदला, पुरतं निघता निघत नाही. म्हणजे तुमच्या तज्ज्ञाचा सल्ला मानला असता तर शेवाळ गेलं असतं, कोपेपॉड गेले असते, कोळंबी आणि कोरल गेले असते आणि मँडरिन उपाशी मेला असता. किट तेवढं शिल्लक राहिलं असतं, एकदम स्वच्छ. द्राक्षबागायतदाराला बागेत हिरवं फार झालंय, तणनाशक मारा, सवलतीत देतो, असं सांगण्यासारखं हे आहे. आणि हे सांगणारा माणूस बाग लावून देणाऱ्या कंपनीचा!

संध्याकाळी मेसेज आला: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कृपया 1 ते 5 मध्ये गुण द्या.’ खाली अल्गी रिमूव्हर विकत घेण्याची लिंक. शून्य देण्याची सोय नव्हती.

मी संयमाने लिहायचं ठरवलं होतं. ते आता जमेलसं दिसत नाही.

दिव्याबद्दलही सांगून टाकतो. रिफ्युजियमचा दिवा रात्री लावायचा असतो. वरच्या टँकचे दिवे बंद झाले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो. त्या वेळी खालचं शेवाळ उजेडात असेल तर ते कार्बन डायऑक्साइड घेत राहतं आणि पीएच फार घसरत नाही. तुमच्या दिव्यात टायमर आहे, तो सकाळी 9 ते रात्री 9 असा कायमचा बसवलेला आहे, बदलता येत नाही. याबद्दल विचारलं तर उत्तर आलं, “रात्री मासे झोपतात सर.” मी वेगळा टायमर आणून लावला. त्याचीही वॉरंटीत कुठेतरी नोंद झाली असेल.

तुमचा प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, माझ्याकडे बरीच वर्षं आहे. आवाज करतो, पण त्याने कधी दगा दिला नाही. त्या भरवशावर मी दुकानदाराने दाखवलेलं दुसऱ्या कंपनीचं किट नाकारून तुमचं घेतलं. स्किमर बनवणारे लोक अजून तुमच्याकडे आहेत की सोडून गेले? असतील, तर त्यांना हा पाइप एकदा दाखवा. मला वाटतं ते बघताक्षणी विचारतील, भोक कुठाय?

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. किटची पूर्ण रक्कम आणि हीटरची किंमत परत. काकांच्या छताच्या रंगाचा खर्च. वॉरंटी रद्द करण्याचं कारण कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी. आणि ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलं आहे त्या सगळ्यांना भोक नसल्याची सूचना, पुढच्या वेळी वीज जायच्या आत. ही शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण प्रत्येकाच्या घरी मेन स्विचपाशी कोणी जागं असेलच असं नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही, तेव्हा माझा खर्च झेरॉक्सपुरता. तुमच्या वकिलाला मात्र कसारा घाट चढून यावं लागेल. नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे मोजकेच आहेत, पण ते सगळे एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत, आणि पाइपचा फोटो तिथे कालच गेला आहे.

मला फोन करू नका. सनई पाठ झाली आहे.

आपला, अजून तरी ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक

सोबत: बिलाची प्रत, तडकलेल्या हीटरचा फोटो, काकांच्या छताचा फोटो, मॅन्युअलमधल्या आकृतीची झेरॉक्स (भोकाभोवती लाल पेनाने गोल केला आहे).