तळ्याकाठी गवताचे बी पेरण्याबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, तळ्याभोवतीच्या उघड्या जमिनीची माती प्रत्येक सरीबरोबर पाण्यात उतरत असल्याने तेथे गवताचे बी पेरण्याचे ठरले आहे. पेरणीपूर्वी वरची २ ते ३ सेंटिमीटर माती दाताळ्याने उताराला आडवी मोकळी करावी, कारण उभ्या ओरखड्यांतून पाणी बियांसकट थेट तळ्यात जाते. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून फेकावे, हलके दाबावे आणि त्यावर पेंढ्याचा इतका विरळ थर द्यावा की खालची माती अधूनमधून दिसत राहील. अंकुर येईपर्यंत, म्हणजे साधारण १ ते ३ आठवडे, झारीनेच पाणी घालावे. खत मात्र कोणीही टाकू नये. ते वाहून गेल्यास तळ्यात शेवाळ माजते. कोवळ्या गवतावरून चालू नये, मासे पाहण्यासाठीसुद्धा.